हसण्याचं परमिट

४ मार्च

बाबा,

नमस्कार. परवा फोनवर मी बदलीबद्दल सांगत होते आणि तुम्ही "हो हो, पण वेळेवर जेव" म्हणून फोन ठेवलात. जेवणाचा विषयच नव्हता. दादा म्हणतो, तुम्ही कानातलं यंत्र खिशात ठेवता, कारण कानात ठेवलं की वहिनीची भांडी ऐकू येतात. तेव्हा यापुढे पत्र. पत्राला "काय?" म्हणता येत नाही.

बातमी अशी की रिले तपासणीसाठी मला तुमच्याच जुन्या सबस्टेशनवर पाठवलं आहे. वसाहतीत खोली मिळाली. भिंतीला हात लावला की ट्रान्सफॉर्मरची घरघर हाताला जाणवते. कंट्रोल रूममधली पॅनल नवी आहेत, पण जुनं यार्ड तुम्ही सोडलंत तसंच आहे. लाइन बंद करायची तर तिथले स्विच अजून हाताने उघडावे लागतात आणि उघडले की नाही याची खूण पॅनलवर येत नाही. कंट्रोल रूममधून फोनवर आदेश द्यायचा, यार्डातल्या ऑपरेटरने स्विच उघडून "झालं" कळवायचं. फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळी खोली ऐकते.

मी कुणाची मुलगी हे पहिल्याच दिवशी शिफ्ट साहेबांना कळलं. "अरे, ही कप्तानांची पोरगी!" असं ओरडून त्यांनी माझं स्वागत म्हणून तुमचा 'नंबर' करून दाखवला. नदीपलीकडचा माणूस तिथल्याच आगीच्या बंबवाल्याला फोन करतो, तो. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही त्यांनाही तो पाठ आहे.

"आग लागलीय."

"आग लागलीय म्हणता. बरं. कुठे?"

"कुठे म्हणता. घराला."

"घराला म्हणता. बरं. कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणता. तुमच्याच."

"आमच्याच म्हणता. बरं. आमचं राहू द्या हो, तुमच्या घरचे सगळे बरे आहेत ना?"

पलीकडचे लोक खरंच असं बोलतात, हे मी इथे पहिल्यांदा ऐकलं. समोरच्याचे शब्द आधी परत म्हणायचे, मग उत्तर द्यायचं. तुमचं बोलणं पोचलं, असं सांगायची ती त्यांची रीत आहे.

हा नंबर सगळ्यांत चांगला येतो तो इथल्या एका ऑपरेटरला, आणि तो स्वतः पलीकडचा आहे. त्याला सगळे 'डबल' म्हणतात. त्याने केला तेव्हा खोली दणाणली. मला हसू आलं नाही, पण ते तुम्हाला नवीन नाही.

तुमची
मीटर

११ मार्च

चि. मीटरबाई,

अनेक आशीर्वाद, आणि एक जास्तीचा, बातमीबद्दल. तुझ्या वहिनीला मी पत्र दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं, शेजाऱ्यांनाही.

अजून करतात म्हणजे! मला वाटलं होतं, निवृत्तीच्या हारासोबत नंबरही सुकला. अगं, तो मी एका कंटाळवाण्या दुपारी बसवला. लाइन बंद, काम बंद, साहेब मीटिंगला. समोर एक पलीकडचा ऑपरेटर फोनवर बायकोशी बोलत होता आणि दोघंही एकमेकांचं परत म्हणत होते. फोन संपेचना. मी तिथेच आग लावून दिली.

तुझं काही चालत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी सगळी पोरं लोळायची आणि तू विचारायचीस, "पण बंबवाल्याला स्वतःच्या घराचा धूर दिसला नाही का?" तेव्हापासून तू मीटर. काटा हलतो, आवाज येत नाही.

आता महत्त्वाचं सांग. तो डबल "बरं"च्या आधी थांबतो का? सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. शिफ्ट साहेब घाई करतो, तो पहिल्यापासूनच घाईचा. माझ्या हाताखाली तयार झाला, पण घाई गेली नाही.

तुझा
बाबा

२६ मार्च

बाबा,

हो, तो थांबतो. तुमच्यापेक्षा जास्त.

माझं टेबल कोपऱ्यात आहे. बिघाडात लाइन तोडणाऱ्या रिलेला करंट दिला की तो सुटेपर्यंत बघत बसायचं असतं, त्यामुळे खोलीकडेही लक्ष जातं. एक गोष्ट दिसली. कुणी नंबर केला की शेवटच्या वाक्याला लगेच कुणी हसत नाही. सगळे आधी डबलकडे बघतात. तो हसला की मग खोली हसते. क्षणभराचं अंतर असतं, पण दर वेळी असतं. लाइनवर चढायला लाइनमनला परमिट लागतं, तसं यांना हसायला त्याचं परमिट लागतं. तो रजेवर असताना साहेबांनी तोच नंबर केला. लोक हसले, पण सरकारी.

मग मी एक चाचणी घेतली. जेवणाच्या सुट्टीत तोच नंबर मी सांगितला, फक्त पलीकडच्यांच्या जागी साहेबांच्या गावचे लोक घातले. शब्द तेच, थांबणं तेच. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "मॅडम, पण त्या गावचे कुठे असं बोलतात?" साहेब म्हणाले, "हे जरा वैयक्तिक होतंय हं." डबल तेवढा हसला आणि लगेच थांबला.

अजून एक. आदेश घेणाऱ्याने तो तसाच परत म्हणायचा आणि देणाऱ्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही, हा नियम तुमच्या काळातही होता ना? इथे तो दारावर रंगवलेला आहे. पण फोनवर कुणी आदेश परत म्हटला की खोलीतून दोन-तीन जण "म्हणता, बरं" असा सूर लावतात. म्हणून आता कुणीच म्हणत नाही. डबल तर मुळीच नाही. ज्याला हे जन्मापासून येतं, तो सगळ्यांत आखूड बोलतो. "झालं." एवढंच.

हे मला ठीक वाटत नाही. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमचे वडील असं काही बोलले नसते."

मीटर

३ एप्रिल

चि. मीटर,

पत्र वाचून कळेना, लेकीने लिहिलंय की इन्स्पेक्टरने. अगं खुळे, विनोद म्हणजे रिले नव्हे, की करंट दिला आणि किती वेळात सुटला ते घड्याळावर पाहिलं. तोच नंबर मी सांगितला तर विनोद, तू सांगितलास तर तपासणी. लोक तपासणीला हसतात का कधी? आणि शिफ्ट साहेबाच्या गावच्यांवर हसायचं कशाला? त्यांचं वैशिष्ट्य काय, तर पाणीपट्टी वेळेवर भरतात.

हे बघ, मी कुणाच्या पाठीमागे कधी सांगितला नाही. तोंडावर सांगितला. त्यांच्यातलेच लोक पोट धरून हसायचे. एक जण तर म्हणायचा, साहेब, पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या. ज्याला बोचतं तो पुन्हा करा म्हणेल का? आणि तुझा डबल स्वतःहून करतो ना? त्याच्या डोक्याला कुणी बंदूक लावलीय?

माझंच घे. दादाचे मित्र येतात, माझ्यासमोर बहिऱ्यांचे विनोद सांगतात. मी सगळ्यांत मोठ्याने हसतो. अर्धे मला ऐकूच येत नाहीत, तरी हसतो. नाहीतर पोरांची तोंडं उतरतात, चहा गार होतो. मनाला लावून घ्यायचं ठरवलं तर माणसाने घराबाहेर पडूच नये.

आता आनंदाची बातमी. सबस्टेशनला पन्नास वर्षं होतायत, मे महिन्यात समारंभ आहे. शिफ्ट साहेबाचं पत्र आलंय. जुन्या लोकांचा सत्कार, आणि खाली पेनने लिहिलंय, "कप्तान, नंबर झाल्याशिवाय सोडणार नाही." दादाने तिकीट काढलं. नवा सदरा शिवायला टाकलाय.

बाबा

१९ एप्रिल

बाबा,

आज थोडक्यात लिहिते.

काल जुन्या यार्डात अपघात झाला. पाच नंबरच्या फीडर लाइनवर काम होतं. साहेबांनी फोनवरून फीडर बंद करायला सांगितलं. यार्डात डबल होता. त्याने स्विच उघडला, "झालं" म्हणाला, साहेबांनी परमिट दिलं आणि लाइनमन वर चढला. चढण्याआधी त्यानेही लाइन तपासली नाही. त्या "झालं"वर सगळ्यांचाच विश्वास. पाच नंबर चालू होता. उघडला होता तो चार नंबर.

लाइनमनचा उजवा तळवा आणि मनगट भाजलं. जीव वाचला. हाताचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

साहेब म्हणतात, मी पाच म्हटलं. ऑपरेटर म्हणतो, तुम्ही चार म्हणालात. फोनचं रेकॉर्डिंग होत नाही. मी पॅनलच्या मागे होते. बोलणं कानावर पडलं, पण आकड्याकडे माझं लक्ष नव्हतं. साहेब त्याच वेळी दुसऱ्या फोनवर चार नंबरच्या बिघाडाबद्दल बोलत होते, एवढं मात्र मला पक्कं आठवतं. आदेश परत म्हटला गेला असता तर चूक कुणाचीही असो, तिथल्या तिथे कळली असती.

ऑपरेटर निलंबित आहे. जूनमध्ये चौकशी समिती बसेल. खोलीतलं बोलणं असं की त्याची नोकरी जाणार. नियमाप्रमाणे आदेश परत म्हणण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

मी त्याला यापुढे 'डबल' असं लिहिणार नाही.

मीटर

२४ एप्रिल

चि. मीटर,

लाइनमनला लेकरंबाळं आहेत का? त्याला म्हणावं, पट्टी सुटली की बोटं हलवत राहा, दुखलं तरी हलवत राहा. मी असले हात पाहिलेत.

तुझ्या ऑपरेटरचं वाईट वाटतं. पण घरातली गोष्ट म्हणून सांगतो, त्या लोकांना दहादा सांगावं लागतं, त्याशिवाय डोक्यात शिरत नाही. माणसं प्रेमळ, पण असंच आहे. शिफ्ट साहेब घाईचा असेल, पण आकडा चुकणारा नाही.

चौकशीत विचारतील तेवढंच बोल. पॅनलच्या मागे होतीस ना, मग तिथेच राहा.

समारंभ रद्द तर नाही झाला? सदरा तयार आहे म्हणून नाही विचारत. सहज.

बाबा

६ मे

बाबा,

समारंभ ठरल्याप्रमाणे आहे.

"त्या लोकांना दहादा सांगावं लागतं." हे तुम्ही विनोद म्हणून लिहिलं नव्हतं. म्हणून विचारते, विनोद नक्की कुठे संपला?

मी ऑपरेटरच्या घरी गेले होते. वसाहतीच्या शेवटच्या रांगेत राहतो. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून मुलगी म्हणाली, "आई, पाणी भरून ठेवू?" आई म्हणाली, "पाणी भरून ठेवू म्हणतेस. ठेव." तो उठला आणि दार नीट लावून आला. मग माझ्याशी बोलला, आपल्यासारखं.

मी सांगितलं की समितीपुढे मी खरं काय ते सांगणार आहे. या खोलीत आदेश परत म्हणणाऱ्याची नक्कल होते, म्हणून तुम्ही म्हटला नाहीत. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, मी लेखी दिलंय, विसरलो. विसरणाऱ्याला एखाद वेळेस परत घेतील. चिडक्याला कोण घेतं?"

"पण तुम्ही विसरला नव्हतात."

"नव्हतो. पण तुम्ही तिथे सांगणार, बिचाऱ्याला चिडवायचे. मग मी जन्मभराचा बिचारा. मुलगी वसाहतीच्याच शाळेत आहे. तिला निष्काळजी बाप चालेल. बिचारा नको."

मी विचारलं, नंबरचा राग येतो का. तो म्हणाला, "कोण सांगतंय त्यावर आहे. माझा मेहुणा सांगतो तेव्हा मी लोळतो. साहेब सांगतात तेव्हाही हसतो. हसणं तेच. साहेबांच्या नंतर दमायला होतं, एवढंच."

"मग स्वतः का करता?"

"मी केला की लवकर संपतो."

बाबा, दादाच्या मित्रांसमोर ऐकू न येताही तुम्ही हसता, हे तुम्हीच मला लिहिलंत. ते पत्र पुन्हा वाचलं तेव्हा मला समोर हाच माणूस दिसला.

त्याची नोकरी वाचवायची तर मला कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलेलं त्यालाच नको आहे. यातून वाट दिसत नाही. झोप नीट लागत नाही. एकच गोष्ट तुमच्याकडे मागते. समारंभात नंबर करू नका. तो समोर बसलेला असेल. निलंबित माणूस गैरहजर राहिला तर त्याचीही चर्चा होते, म्हणून येणारच.

मीटर

१० मे

मीटर,

मी कुणाचा हात भाजला नाही. जन्मभर लोकांना हसवलं. कंट्रोल रूममध्ये बारा तास बसून माणसं वेडी होतात, त्यांना मी हसवलं. त्याचा असा पंचनामा होईल असं वाटलं नव्हतं.

तुला माझी लाज वाटते ती आजची नाही. तुझ्या कॉलेजच्या संमेलनात मला आग्रह झाला आणि मी उभा राहिलो, तेव्हा तू पाण्याच्या टाकीमागे जाऊन थांबलीस. मला ऐकू येत नसेल, दिसतं.

मी येणार आहे. काय करायचं ते तिथे ठरवीन.

बाबा

२२ मे

चि. मीटर,

सुखरूप पोचलो. तू ठरवून समारंभाच्या वेळची ड्युटी लावून घेतलीस, ते समजलो. गाडी निघताना फाटकातून हात केलास, तोही दिसला.

मी नंबर केला. पूर्ण केला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे मी मध्येच थांबलो असेन अशी आशा धरून तू वाचत बसायला नको. माझं नाव पुकारलं, लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, समोर माइक. अशा वेळी माझे पाय माझं ऐकत नाहीत.

पूर्वी मला हसणं ऐकू यायचं. त्यामुळे मी माणसांकडे बघायचो नाही, पुढच्या वाक्याची तयारी करायचो. आता मांडवात यंत्र लावलं तर नुसती खरखर, म्हणून काढून ठेवलं होतं आणि बघत होतो. शेवटचं वाक्य टाकलं. आणि अगं, सगळी डोकी तिसऱ्या रांगेकडे वळली. साहेबाचं, कारकुनांचं, ज्यांचा सत्कार झाला त्या म्हाताऱ्यांचंसुद्धा. तिथे तो बसला होता, एका बाजूला बायको, एका बाजूला मुलगी. तो हसला, अगदी वेळेवर. मुलीने आधी बापाचं तोंड पाहिलं, मग तीही हसली. मग मांडव हसला.

मी खाली उतरलो तर तो चहाचा कप घेऊन पुढे आला. माझ्या कानाशी वाकून, शब्द सुटा करत बोलला. कुणीतरी सांगितलं असेल, किंवा त्याला कळलं असेल. म्हणाला, "साहेब, छान झाला. एक बोलू का? आमच्यात संकट सांगणाऱ्याचं परत म्हणत नाहीत. मेलेलं, जळलेलं, बुडालेलं, हे कुणी परत उच्चारत नाही. तिथे गप्प राहून लगेच उठायचं असतं. आग लागली म्हटल्यावर आमचा माणूस 'आग लागली म्हणता' असं म्हणणारच नाही." आणि मग हसून म्हणाला, "पण तसं केलं तर तुमचा नंबर उभाच राहायचा नाही."

इतकी वर्षं चुकीचा नंबर केला! तू म्हणशील, मला वाईट कशाचं वाटलं? खरं सांगतो, आधी नंबर चुकीचा होता याचंच वाटलं. बाकीचं गाडीत बसल्यावर. ती पोरगी डोळ्यांपुढून हलत नव्हती. दादा स्टेशनवर घ्यायला आला आणि मित्रांमधला कसला तरी विनोद सांगायला लागला. मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितला. मी पुन्हा म्हटलं, ऐकू आलं नाही. मग त्याने माझी पिशवी उचलली.

आता कामाचं ऐक. समित्या मी पुष्कळ पाहिल्या. समितीला 'का' विचारू देऊ नकोस. 'का' विचारलं की एक दुष्ट निघतो आणि एक बिचारा. त्यांना 'किती जण' असं विचारायला लाव. एकाने नियम मोडला तर तो घरी जातो. सगळ्यांनी मोडला तर नियमाची उजळणी होते. सगळे म्हणजे शिफ्ट साहेबासकट, आणि तुझ्यासकट. तेवढं तुला सोसेल ना? मग तुझ्या ऑपरेटरला बिचारा व्हायची गरज नाही.

आकड्याबद्दल मी जे लिहिलं होतं, की साहेब चुकणार नाही, ते मी पाहिलेलं नव्हतं. ते वाक्य काढून टाक.

तुझा
बाबा

२७ जून

बाबा,

समितीचं झालं. तुम्ही सांगितलंत तसंच केलं.

मला विचारलं, ऑपरेटरने आदेश परत म्हटला होता का? मी म्हटलं, नाही. आणि मी इथे आल्यापासून जुन्या यार्डाचा एकही आदेश कुणी परत म्हटलेला ऐकला नाही. साहेबांनी कधी मागितला नाही. मी स्वतः जे आदेश घेतले तेही परत म्हटले नाहीत. अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे सगळेच?" मी म्हटलं, सगळेच. त्या दिवशी साहेब चार नंबरबद्दल दुसऱ्या फोनवर बोलत होते, हेही सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी खरडत बसले.

मग अध्यक्षांनी 'का' विचारलंच. मी "सवय सुटली होती" म्हटलं. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. ऑपरेटर समोर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

तो कामावर परत आला आहे. त्याला आणि साहेबांना, दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. साहेबांना पाळीवरून काढून ऑफिसात बसवलं आहे आणि त्यांच्या जागी तात्पुरती मी आहे. आकडा कुणाचा चुकला हे अहवालात नाही. नक्कल, थट्टा, विनोद, यांपैकी एकही शब्द त्यात नाही. लाइनमनची दोन बोटं वळत नाहीत. त्याला स्टोअरमध्ये हलकं काम दिलं आहे. मी भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, चार की पाच, एवढं तरी सांगा."

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, निभावलं. मलाही दोन दिवस वाटलं. आता पुढचं.

आदेश परत म्हणण्याची सक्ती झाली आणि सगळे ती पाळतात. नंबरच्या आवाजात. "फीडर तीन बंद म्हणता. बरं." शब्द बिनचूक असतात. आवाज कसा असावा याबद्दल नियमात काही नाही. खोली रोज हसते, आणि अजूनही आधी त्याच्याकडे बघते. तो स्वतःचे आदेश परत म्हणतो ते यंत्रासारखे, सपाट, एकेक शब्द मोजून. त्याच्या घरी दाराआडून मी जे ऐकलं होतं, त्याचा त्यात मागमूस नसतो.

काल दुपारी पाच नंबरवर काम होतं. लाइनमनची टोळी खांबाखाली तयार होती. यार्डात एक सहायक होता, ऑपरेटर माझ्याशेजारी टेबलावर. मी फोनवर आदेश दिला. स्पीकरवरून आलं, "फीडर पाच बंद म्हणताऽ. बरंऽ." खोलीत खसखस पिकली.

मी "बरोबर" म्हटलं नाही. म्हटलं, "पुन्हा. साध्या आवाजात."

तो पुन्हा म्हणाला. "बरं" गेलं, पण सूर तोच. मी म्हटलं, "पुन्हा." तिकडून, "मॅडम, आकडा बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "पुन्हा." खसखस थांबली. आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी रागावले नव्हते, बाबा. काटा हलत होता, एवढंच. मी दिवसभर बसायला तयार होते.

तेव्हा ऑपरेटर माझ्याकडे न बघता, हळू म्हणाला, "मॅडम, टोळी उन्हात उभी आहे. आकडा बरोबर आलाय. बरोबर म्हणा."

त्याचं खरं होतं. नियमाने माझं अडवणं चूक होतं. उन्हात उभी असलेली माणसं ना हसत होती, ना कुणाची नक्कल करत होती. आणि मी त्याच्या बाजूने जे करत होते, ते त्याने माझ्याकडे मागितलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "बरोबर म्हणा म्हणता. बरं."

तोंडातून जसंच्या तसं आलं. मी ठरवलं नव्हतं. सूर लावला नव्हता, निदान माझ्या कानांना तरी लागलेला वाटला नाही. त्याचं बोलणं मला पोचलं एवढंच सांगायचं होतं, आणि इतक्या महिन्यांत त्यासाठी दुसरे शब्द माझ्याकडे उरले नव्हते. मग मी फोनवर "बरोबर" म्हटलं. यार्डातून "झालं" आलं. टोळीतल्या लाइनमनने या वेळी लाइन तपासली, मग मी परमिटवर सही केली.

कुणी हसलं नाही. हसण्यासाठी त्याच्याकडेही कुणी पाहिलं नाही. तो खिडकीकडे वळून यार्ड बघत होता. पाठ दिसत होती, चेहरा नाही. मी त्याला उत्तर दिलं असं त्याला वाटलं, की कप्तानांच्या पोरीनेही शेवटी नंबर केला असं वाटलं, मला माहीत नाही. पाळी संपेपर्यंत तो कामापुरतंच बोलला. विचारावं म्हणून दोनदा तोंड उघडलं, पण ते विचारण्याचा जो प्रकार होईल तो मला दिसत होता. "मी थट्टा केली नव्हती" असं सांगणाऱ्या माणसावर मी स्वतः किती विश्वास ठेवते?

उद्याची पाळी पुन्हा आमची दोघांची आहे.

तुमची
मीटर